बाळसं

स्पिरिटचा वास आला की सत्तरच्या दशकातली भवानी पेठेतली आमची कापड विणायच्या मागाची खोली आणि माझी चार वर्षांची धाकटी बहीण आठवते. खरूज बरी झाली आणि ती अचानक गुबगुबीत दिसू लागली. "पोरीनं बाळसं धरलं की!" म्हणत आई रोज तिची दृष्ट काढायची. त्याच सुमारास मूत्रपिंडाच्या रोगावर संशोधन करणारे एक डॉक्टर पेठेतल्या मुलांचं रक्त गोळा करत होते. "गरिबांची पोरं प्रयोगाला कशाला?" असं आमच्या चळवळीचं पत्रक मी त्यांच्याविरुद्ध वाटलं होतं. घरोघर फिरत ते आमच्याही घरी आले, बहिणीच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला आणि तिथे पडलेला खळगा भरलाच नाही. मग स्पिरिटच्या दिव्यावर नळीतली तिची लघवी तापवली, ती दुधासारखी पांढरी झाली. "ही सूज आहे. खरजेशी लढता लढता शरीराची फौज स्वतःच्याच मूत्रपिंडावर उलटलीय." आईनं विचारलं, "डाक्टर, जगंल न्हवं माजी पोर?"  डॉक्टर सुई हातात धरून मला म्हणाले, "तुमचं पत्रक वाचलंय मी. रक्त घेऊ का, तुम्हीच सांगा."  मी होकारार्थी मान हलवली आणि बहिणीचा दंड घट्ट धरला. ती वाचली, आज सासरी आहे. पण अख्ख्या पेठेला प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या मी त्या दुपारी 'हे रक्त तिच्या उपचाराला की तुमच्या प्रयोगाला?' हा एक प्रश्नही विचारला नाही, कारण मला उत्तराची भीती वाटली होती.