गाळातलं लोटांगण

देवापुढे हात जोडणं मला जमायचं, वाकणं जमत नसे. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी. माझं मी निभावून नेईन, ही घमेंड अंगात मुरलेली. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून आम्ही तिघं, मी, बायको आणि नऊ वर्षांची मुक्ता, पाटणच्या पुढे कोयनेच्या जलाशयावर गेलो होतो. पाणी बरंच मागे हटलेलं, समोर समुद्रकिनाऱ्यासारखा ऐसपैस मोकळा काठ. "पोरीला एकटं सोडू नका," बायको म्हणाली. "इथं काय लाटा येणार आहेत?" मी तिची टर उडवली. आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच चीड येते.

वरून वाळलेला, भेगाळलेला तो काठ खाली निव्वळ गाळ होता. मुक्ता पाण्याकडे धावली आणि वीसेक पावलांवर मांड्यांपर्यंत आत गेली. "बाबा, पाय निघत नाहीये!" मी तसाच धावलो आणि तिच्या दोन हात अलीकडे मीही रुतलो. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी खोल जाई. धडपडीत मुक्ता कमरेपर्यंत गेली. मागून यायला निघालेल्या बायकोला मी ओरडून मागे कडक जमिनीवरच थांबवलं. फोनला रेंज नव्हती, आसपास चिटपाखरू नव्हतं. जितका जोर लावत होतो, तितका खाली चाललो होतो.

तेवढ्यात वरच्या उतारावरून एक म्हातारी म्हशीमागे धापा टाकत आली. आम्हाला पाहताच ओरडली, "आवं, हुबं ऱ्हाऊ नगा! लोटांगण घाला, लोटांगण!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक बुडतेय आणि हिला देवदेव सुचतोय! "आजी, देवाचं नंतर बघू, आधी दोरी आणा!" मी खेकसलो. तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. "पोरी, तू ऐक. देवळात घालत्यात तसं पोटावर पड, हात लांब कर. आता पाय हळूहळू सोडव. रडू नगंस, मी हाय." मुक्ता आडवी झाली आणि तिचं बुडणं थांबलं. इंचाइंचानं पाय मोकळे झाले. म्हातारीनं स्वतः पालथं पडून, जवळ सरकत पुढे केलेली काठी धरून ती सरपटत काठावर पोचली.

मग मी उरलो. "आता तुमी. का अजून दोरीच पायजे?"

मी गाळात तोंड घालून आडवा झालो. कुणापुढे कधी न टेकलेली छाती चिखलाला टेकली आणि पायांवरची पकड सैल होऊ लागली. मी ढसाढसा रडत होतो. "मला नाही जमत, तूच ने," असं मी कुणाला म्हणालो ते ठाऊक नाही. पण म्हणालो.

काठावर येऊन म्हातारीचे पाय धरायला गेलो, तशी ती मागे सरली. "माज्या कशाला पडता? मी रोज पल्याडच्या वढ्याला असते. आज ही म्हस हिकडं कशी उधळली, कुनास ठावं. तिच्या पाया पडा." ती हसत होती. मला हसू आलं नाही. म्हशीला कुणी वळवलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. माझी लेक जिवंत आहे आणि ती माझ्या जोरावर वाचलेली नाही, एवढं मला पक्कं कळलं आहे.

मुक्ताला घट्ट जवळ घेतलं, मग बायकोकडे सोपवलं आणि त्या म्हशीपुढे सपशेल लोटांगण घातलं. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.