ओल कुठून आली

बेनचा कुठल्याही ठोकळ्यावर विश्वास नसायचा. हातात आला की आधी त्याला अंगठ्याचं नख लावून बघायच्या. नख रुतलं, तर पाहुणा चपला घालून देवघरात शिरावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. नाही रुतलं, तर नुसतं ‘हं’. त्या एका ‘हं’साठी आम्ही प्रयोगशाळेतली माणसं दिवसभर राबायचो. बेनना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो ‘हं’ त्या फार जपून खर्च करायच्या.

बेन म्हणजे आमच्या नंदुरबारच्या दवाखान्यातल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टर. तापीकाठच्या गुजर घरातल्या. घरी केळी आणि ऊस, आणि त्यात ही एकच मुलगी सूक्ष्मदर्शकाच्या नादी लागलेली. धाकटी भावंडं ‘बेन’ म्हणायची, तेच नाव दवाखान्यात येऊन चिकटलं. विद्यार्थ्यांशी त्या शुद्ध मराठी बोलायच्या, आईशी फोनवर गुजर बोली, आणि मी पडलो कळसाडीचा, म्हणून माझ्याशी अहिराणी. रागावल्या की मात्र सगळ्यांशीच अहिराणी.

आमचं काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा इतका पातळ कापायचा की त्यातून उजेड आरपार जावा. मऊ मांस तसं कापता येत नाही, म्हणून ते आधी मेणात बसवून घट्ट करतात. हाडाला मेण पुरत नाही, तिथे रेझिन लागतं. रेझिन असतं पाण्यासारखं पातळ. ते तुकड्यात मुरू द्यायचं, त्यात घट्ट करणारं औषध घालायचं, की काचेसारखा कडक ठोकळा तयार होतो. होतो म्हणजे, त्याची मर्जी असली तर. पाण्याचा अंश राहिला की ते मऊ पडतं आणि हवा तापली की भराभर आवळून आत बुडबुडे धरतं. आमच्याकडचा उन्हाळा त्याला कसा मानवणार? वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.

यावर बेननीच तोड काढली होती. एक मोठा माठ, त्याला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आत तारेच्या तिवईवर रेझिनचे साचे. बुडबुडे बंद झाले. स्वतःचं कौतुक कधी ऐकून न घेणाऱ्या बेन बाहेरचं कुणी आलं की लाखो रुपयांचं यंत्र सोडून आधी माठ दाखवायच्या. आम्ही मागे उभे राहून हसायचो. त्यांना ते दिसायचं, तरी दाखवायच्या.

सुमली ही आमच्याकडे आलेली रोगी, सातपुड्यातल्या काठी गावाकडची. बरेच दिवस ताप, रक्त उतरलेलं, अंगाची काडी झालेली. रक्ताचा कर्करोग असेल अशी डॉक्टरांना भीती होती, म्हणून तिच्या कमरेच्या हाडातून सुईने मगजाचा, म्हणजे अस्थिमज्जेचा, तुकडा काढला. सगळा मिळून तांदळाच्या दाण्याएवढा. सुई आत जाताना ती इतकी ओरडली की व्हरांड्यातले लोक उठून उभे राहिले. नंतर ती आपल्या बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हणाली. नवरा शाळेत शिकलेला, त्याने आम्हाला मराठीत सांगितलं, “ती म्हणते, पुन्हा सुई लावली तर मी घरी जाईन.”

आणि नेमका तिचाच ठोकळा मऊ राहिला. बेनचं नख लोण्यात शिरावं तसं आत गेलं. त्या वेळी आभाळ भरून यायला लागलं होतं, पण पाऊस नव्हता, नुसता घामाच्या धारा काढणारा उकाडा.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक सोयीची पळवाट असते. रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असं लिहायचं, म्हणजे दोष सुईचा, नाहीतर रोग्याचा. दुसऱ्या विभागातले एक वरिष्ठ डॉक्टर बेनना तेच सुचवून गेले. ते जिना उतरून गेले. मग बेन माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तिन्हा हाडमा काही खोट नही भाऊ. खोट आपलाकडे शे. ती सापडत नही तवलोंग तिन्हा तुकडाले हात लावू नको.”

तुकडा मऊ रेझिनमधून सोडवून पुन्हा बसवता आला असता, पण एकदाच. दुसऱ्यांदाही फसलं असतं तर हाताशी काहीच उरलं नसतं. म्हणून आम्ही खाटकाकडून बोकडाचं हाड आणलं आणि त्याचे बारके तुकडे करून चोर शोधायला बसलो. मी उतावळा. म्हटलं, अल्कोहोल, औषध, रेझिन सगळंच नवं घेऊ. बेननी डोळे मोठे केले. “एक टाइमले एकच बदल. समदं बदलशी ते चोर कोन व्हता ते समजाव नही.”

अल्कोहोलने हवेतली ओल ओढली असेल म्हणून नवी बाटली फोडली. ठोकळा मऊ. घट्ट करणारं औषध जुनं झालं असेल म्हणून तेही नवं आणलं. मऊ. रेझिनचा डबा बदलला. मऊच. सुमलीचा नवरा प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर बसलेला असायचा. मी दारात दिसलो की हाताची मूठ आवळून विचारायचा, “झाला का घट्ट?” त्याला हे सगळं बेननी समजावलं होतं. एक दिवस त्याने मूठ आवळली नाही. “तिने गाठोडं बांधलं,” एवढंच म्हणाला.

त्या दुपारी बेननी आतापर्यंत काय काय बदललं ते बोटांवर मोजलं. मग सरळ माठाकडे गेल्या आणि आतल्या बाजूने हात फिरवला. तळवा बाहेर काढला तो ओला. कोरड्या उन्हात गोणपाटाचं पाणी बाहेरच्या बाहेर सुकत होतं, आता दमट हवेत ते माठातून आत पाझरत होतं आणि आमचे सैल झाकणांचे साचे ती ओल पीत होते. तो माठ आम्ही रोज बघत होतो आणि कुणाचाच त्याच्यावर संशय गेला नव्हता. बेनचा माठ होता तो!

“आपन समदं बदली देखं,” बेन म्हणाल्या, “फक्त मन्हा माठ सोडीसन.” विद्यार्थी ऐकत होते, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

बोकडाचा तुकडा घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या साच्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. कडक झाला. मग सुमलीचा तुकडा सोडवला, नव्या रेझिनमध्ये मुरवला आणि त्याच रीतीने ठेवला. वीज जाईल या भीतीने मी बाजारातून बर्फ आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बेननी नख लावलं. नख रुतलं नाही. त्या ‘हं’ म्हणायलाही विसरल्या.

काप उत्तम आले. मगजात कर्करोग नव्हता, क्षयाच्या गाठी होत्या. औषधाने बरा होणारा आजार. पण औषध कित्येक महिन्यांचं, आणि सुमलीचं गाठोडं अजून बांधलेलंच, आमच्यावरचा विश्वास उडालेला. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, मान हलवते आहे, पण गोळ्या घ्यायची नाही.

बेन वॉर्डाकडे निघाल्या. मी म्हटलं, “बेन, रिपोर्ट नीट उना ना? मग माठनं कसाले सांगनं?”

“रिपोर्ट नीट उना. उशीर मन्हामुळे व्हयना. ती तठे बठीसन वाट देखी ऱ्हायनी व्हती.”

खाटेजवळ उभं राहून त्यांनी साध्या मराठीत सगळं सांगितलं. माठ, ओल, आपली चूक. नवरा अवघडला. डॉक्टरीणबाईची चूक बायकोला कशी सांगायची? बेन म्हणाल्या, “सांगा. जसं आहे तसं सांगा.” त्याने सांगितलं. सुमली बेनकडे बघत हळूहळू बोलत राहिली.

“ती म्हणते,” नवरा म्हणाला, “इथे आल्यापासून मला कुणी आपलं चुकलं असं सांगितलं नाही. या बाईने कुणी न विचारता सांगितलं. मग आजाराचंही खरंच सांगत असेल. गोळ्या घेईन म्हणते.”

आणि तिने त्या घेतल्या. पुढे तपासणीला आली तेव्हा गाल भरले होते.

बेन निवृत्त झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात वारल्या. मला त्यांची आठवण दवाखान्यात रोजच येते, पण खरी येते ती आमच्या हातून काही बिघडतं तेव्हा. नव्या डॉक्टरांना मी ‘नमुना अपुरा’ लिहू देत नाही. मग वॉर्डात जाऊन आमची चूक सांगायची पाळी माझ्यावरच येते. दारापाशी पाय जड होतात. बेन असत्या तर त्यांनी मला आत ढकललं नसतं. स्वतःच पुढे गेल्या असत्या. तेच डोळ्यांसमोर येतं, आणि मग बाहेर उभं राहवत नाही.