शेवटच्या बांधीचा हो

माझी मुलगी काय काम करते, हे कुडव्यातल्या शेजाऱ्यांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. ‘कम्प्युटरवर’ एवढं म्हणून मी विषय बदलायचो. अख्खा जन्म बँकेत काढलेल्या माणसाची मुलगी क्रिप्टोच्या धंद्यात आहे, हे माझ्याच तोंडून निघत नसे. मला ते सगळं थोतांड वाटायचं आणि मी ते तिला रोज जेवताना ऐकवायचो. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे माझं ऐकायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि तीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

तिचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही एका बँकेच्या, एका साहेबाच्या हातात नसलेलं चलन. त्याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकदम होते, म्हणून कुणा एकाला ती गुपचूप बदलता येत नाही. मी म्हणायचो, अगं पण जबाबदार कोण? तक्रार कुणाकडे करायची? ती म्हणायची, बाबा, तुमच्या काउंटरवर लोक तुमचा चेहरा बघून भरवसा ठेवायचे, आमच्याकडे चेहराच नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट कुणालाही तपासता येईल अशी उघडी ठेवावी लागते. माझा चेहरा मध्ये आणल्यावर मी चिडायचो. मग भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी काढून ताट सरकवायचो. भाजी मीच केलेली असायची.

तिचा प्रकल्प लहानसा होता. पंधरा-वीस माणसं, सगळी वेगवेगळ्या देशांत. ज्यानं तो सुरू केला तो प्रमुख दूर कुठेतरी राहायचा, आणि आमच्या सकाळच्या चहाच्या वेळेला पडद्यावर यायचा. त्या चलनाच्या नियमांत काही बदल करायचा तर सात जणांपैकी पाच जणांची सही लागायची. सही म्हणजे पेनानं नाही. प्रत्येकाकडे पेन ड्राइव्हएवढी एक वस्तू, तिच्यात त्याची गुप्त चावी. सातांपैकी एक चावी आमच्या घरात, पोह्यांच्या डब्यात होती. हे कळल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे जरा आदरानं पाहिलं. स्ट्राँगरूमच्या दोन चाव्यांपैकी एक मी अकरा वर्षं सांभाळली होती. मेव्हण्याच्या लग्नाला उशिरा गेलो, पण चावी दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

मागच्या वर्षी पावसाळा सरत आला असताना त्या प्रकल्पात चोरी झाली. प्रोग्राममधलं एक भोक शोधून कुणीतरी पुष्कळ लोकांची नाणी पळवली. प्रमुखानं तोडगा काढला: एक बटण बसवायचं, ज्यानं संशय येईल ते खातं तिथल्या तिथे गोठवता येईल. ऐकायला यात वावगं काय होतं? मला तर उशिरा का होईना शहाणपण सुचलं असंच वाटलं. चार जणांनी सह्या केल्या. दोघं ठरवत नव्हते. पाचवी सही माझ्या मुलीची हवी होती, आणि शुक्रवारपर्यंत हवी होती.

तिनं केली नाही. ती म्हणत होती, आज चोराचं खातं गोठवाल, उद्या जो तुम्हाला नको त्याचं गोठवाल. असं बटण नाही, एवढ्या एकाच शब्दावर लोक आमच्याकडे आलेत. प्रमुख आधी समजावत होता, मग त्याचा आवाज चढायला लागला. तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे त्याच्याच हातात होतं. हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मी बँकेत तीस वर्षं उगाच काढलेली नाहीत.

इथं मला खरं ते लिहिलं पाहिजे. मी तिला सही कर म्हणालो, एकदा नाही, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ म्हणालो. बटण चांगलं की वाईट याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. हे काम घरी बसून करता येत होतं म्हणून ती कुडव्यात राहत होती. ते गेलं की ती पुण्याला जाणार, आणि मी या घरात टीव्हीशी बोलत बसणार. मी घाबरलो होतो. घाबरलो की मी उपदेश करतो, ही माझी जुनी खोड आहे.

गुरुवारी सकाळी मी माझा हुकमी पत्ता टाकला. दवनीवाड्याच्या पलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या तळ्याखाली माझ्या वाटणीची एक बांधी, म्हणजे धानाचा एक तुकडा आहे. अगदी शेवटची बांधी, पाट तिथे संपतो. कसतो माझा मोठा भाऊ, दादा, पण सातबाऱ्यावर नाव माझं. पाऊस उघडला आणि धान निसवायला आलं की तळ्याच्या पाळीवर बैठक बसते आणि तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कधी उघडायचं ते प्रत्येक बांधीवाल्याचा हो घेऊन ठरतं. नोकरीत मला त्या दिवसांत कधी सुट्टी मिळाली नाही, आणि निवृत्त झाल्यावर सवय मोडलेली. मी मुलीला म्हणालो, “मी माझा हो तुझ्या मोठेबाबांकडे ठेवून दिला आहे. तीस वर्षं झाली, एकदा विचारलं नाही. माझी बांधी एकदाही सुकली नाही. याला म्हणतात भरवसा.”

ती म्हणाली, चला, मग त्यांनाच विचारू. आणि स्कूटी काढली.

दादा अंगणात सुतळीनं खाट कसत बसला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे गेलेले, पण हात रिकामे ठेवणार नाही. मुलीनं त्याला चाव्यांचं, सह्यांचं सगळं सांगितलं. मला वाटलं याच्या काय डोक्यात शिरणार? त्यानं फक्त दोन गोष्टी विचारल्या. नाही म्हणणाऱ्याला पुढे काय करावं लागतं? आणि पहिलं कुणाला विचारतात? यांतल्या कशाचाच नियम मुलीच्या प्रकल्पात नव्हता.

मग दादानं तळ्याची रीत सांगितली. आमच्या पूर्वजांनी तळं बांधलं तेव्हापासूनची. मी त्याच गावात जन्मलो आणि मला ती अर्धीमुर्धीच माहीत होती. पाळीवर पहिल्यांदा शेवटच्या बांधीवाल्याला विचारायचं, कारण पाणी त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचतं. तो नाही म्हणाला तर त्या दिवशी तुडूम उघडत नाही. पण नाही म्हणून घरी जाऊन झोपता येत नाही. नाही म्हणणाऱ्यानं आणि हो म्हणणाऱ्यांतल्या एकानं मिळून अख्खा पाट पायी चालून यायचा, काय पाहिलं ते दोघांनी सांगायचं, आणि मग पुन्हा विचारायचं. जो बोललाच नाही, त्याचं नाहीच धरतात. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी चालावं लागतं, आणि त्यानं पाहिलेलं सांगितल्यावरच तुडूम उघडतं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याला विचारलं, बाबांच्या ‘हो’चं तुम्ही काय करता?

“तुह्या बापाचा हो मी एकदाबी वापरला नाई, बाई,” दादा म्हणाला. “दुसऱ्याच्या तोंडचा हो इथं चालतच नाई.”

मला ते एकदम उमगलं नाही. मी म्हणालो, “मंग तीस वर्सं माह्या बांधीले पानी कसं येऊन राहिलं?”

“मी चालून राहिलो ना.”

हे तो सुतळी ओढता ओढता म्हणाला, मान वर न करता. दरवर्षी बैठकीत शेवटची बांधी काय म्हणते असं विचारलं जायचं. दादा सांगायचा, मालक इथं नाही. मग तोच उठून पाटाच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. आधी तरणा होता तेव्हा, मग गुडघे दुखायला लागले तेव्हा, आणि आता काठी घेऊन. मी तिकडे बँकेत पंख्याखाली बसून माझा भरवसा किती मोठा आहे याचं कौतुक करत होतो. मला इतकी लाज वाटली की राग आला. मी जोरातच विचारलं, “मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तू फोनवरूनच हो म्हनला असता. पाहाले थोडाच आला असता.”

वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, मी त्याच्याकडे पाहत बसलो. मुलगी मात्र मोठेबाबांची खाट दुसऱ्या बाजूनं धरून सुतळी ताणायला लागली होती.

शुक्रवारी सकाळी ती पडद्यावर सगळ्यांसमोर म्हणाली की माझं आज नाही आहे, पण मी पाट चालते. तिनं अर्थात हे शब्द वापरले नाहीत. तिनं सांगितलं, सह्या केलेल्यांतला एक माणूस मला द्या, आम्ही दोघं मिळून त्या बटणाची एकूण एक ओळ वाचतो आणि जे दिसेल ते सर्वांसमोर मांडतो. प्रमुख वैतागला, पण नाही म्हणायला त्याला जागा उरली नाही. त्याच्या सगळ्यांत भरवशाचा माणूस तिच्याबरोबर बसला. पाच दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, दोघं ओळीमागून ओळ वाचत होते. मी चहा नेऊन ठेवायचो आणि पाय न वाजवता परत यायचो.

पाचव्या दिवशी सापडलं. बटण पाच सह्यांनी दाबलं जाईल असं लिहिलं होतं, पण आत खोलवर एक ओळ अशी होती की प्रमुखाची एकट्याची चावीही ते दाबू शकेल. त्याच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. घाईत, सोयीसाठी राहिली असेल. ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली ती त्याच्याच माणसानं. मुलीचं बरोबर होतं, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. त्या न पाहिलेल्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. आपल्या साहेबासमोर असं बोलायला काय लागतं हे मला माहीत आहे, कारण मला ते एकदाही जमलं नव्हतं. ठरवत नसलेले दोघंही मग नाही म्हणाले. बटण बसलं नाही.

कंत्राट मात्र वाढलं नाही. पत्र फार गोड होतं. महिन्याभरात तिला पुण्याला काम मिळालं. स्टेशनवर मी तिला सांगितलं की तू सही केली नाहीस याचा मला अभिमान वाटतो, आणि तू चाललीस याचं मला फार वाईट वाटतंय, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला उपदेश न करता काहीतरी बोललो असेन. ती रडली, मीही रडलो. गाडी गेल्यावर घरी येऊन पोह्यांचा डबा उघडून पाहिला. चावी ती रीतसर परत करून गेली होती. डब्यात नुसते पोहे होते.

त्या जुन्या प्रकल्पात आता नियम आहे, असं ती फोनवर सांगते. ज्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होऊ शकतं त्याला पहिलं विचारायचं, आणि नाही म्हणणाऱ्यानं समोरच्या बाजूच्या एकाला घेऊन सगळं वाचून काढायचं. ती तिथे नोकरीला नाही, तरी रविवारी त्यांच्यासाठी वाचत बसते. हा नियम कुठून आला हे तिथे कुणाला माहीत नाही. मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं.

यंदा बैठकीच्या दिवशी मी स्वतः गेलो. पाळीवर वीसेक माणसं उकिडवी बसली होती. रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न आला, शेवटची बांधी काय म्हणते? हो माझ्या अगदी जिभेवर होता. ऊन चढत होतं, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि हो म्हटलं की सुटलो असतो. मी म्हणालो, मी अजून पाहिलं नाही.

दादा सवयीनं काठी चाचपायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि हो म्हणायला तयार असलेल्या, वरच्या बांधीच्या एका बाईंबरोबर निघालो. पाट मला वाटला होता त्याच्या दुप्पट निघाला. दोन ठिकाणी खेकड्यांनी काठ पोखरला होता, तिथून अर्धं पाणी नाल्यात गेलं असतं. बाईंनी न बोलता चिखल काढून द्यायला सुरुवात केली आणि मी भोकं बुजवली. माझ्या बांधीपाशी पोचलो तेव्हा माझा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. धान पोटरीत आलं होतं, जमीन तडकायला लागली होती. इतकी वर्षं त्या जागी काठी टेकून उभा राहिलेला माणूस मला तिथे दिसत होता.

परत आलो, जे पाहिलं ते दोघांनी सांगितलं, आणि मी माझा हो म्हणालो. तुडूम उघडायला माणसं उठली. दादा मोहाच्या झाडाच्या सावलीत पाय पसरून बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन टेकलो.

“लय लांब आहे रे दादा,” मी म्हणालो.

“लांब तं आहेच,” तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.