भर दुपारचे रातकिडे

आज अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धनुर्वाताची सुई द्यायला अंबडच्या दवाखान्यात नेलं. नर्सनं दंडावर कापूस फिरवला आणि स्पिरिटचा गार वास नाकात शिरला. इतकी वर्षं झाली, तरी त्या वासानं माझं डोकं फिरतं.

तेव्हा अण्णांच्या किडनीत जंतुसंसर्ग झाला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या सुया सुरू केल्या आणि बजावलं, "उरलेल्या गावात घ्या. पण कानात आवाज आला, तर सुई थांबवून आधी मला दाखवा."

ताप उतरला. एका रणरणत्या दुपारी अण्णा ओट्यावर बसले होते. "भर दुपारी रातकिडे कसे ओरडून राह्यले गं?"

"कुठं? मला तर न्हाई ऐकू येत," आई म्हणाली.

मी म्हणालो, आत्ताच जालन्याला जाऊ. तेवढ्यात गावचा डॉक्टर बॅग घेऊन आला. "अशक्तपणा हाय. कोर्स अर्धा सोडायचा नसतो."

अण्णांना ते अगदी पटलं. "पुरा करायचा म्हंजे करायचा," म्हणत त्यांनी बाही वर सारली. आई उलट माझ्यावरच खेकसली. ओट्यावर स्पिरिटचा वास पसरला.

हळूहळू अण्णांच्या कानातले बाकी सगळे आवाज गेले. रातकिडे तेवढे राहिले.

आज सुई झाल्यावर ते नर्सला सांगत होते, "आमच्या गावच्या डॉक्टरच्या हाताला लई गुण होता."

"सुई थांबवली न्हाई, म्हणून तर कान गेले तुमचे!" मी ओरडलो. सगळा दवाखाना वळून बघायला लागला.

अण्णांनी हसून मान डोलावली. "हां, बराबर."