शेपटी आधी

एका लहरीच्या प्रेमापायी दुसऱ्या लहरीशी उभं वैर धरणारं माणूस अख्ख्या नाशिक रोडमध्ये एकच, ते म्हणजे माझी नणंद. त्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायच्या, आमच्याकडेच राहायच्या आणि पन्नाशीत पीएचडीला बसल्या. मोबाइलचा संदेश तुकडे करून एकाच वेळी अनेक लहरींवरून पाठवतात. त्या लहरी फूरियरच्या घ्याव्यात की वेव्हलेटच्या, हा त्यांचा विषय. फूरियरची लहर म्हणजे मांडवातला लाउडस्पीकर, सुरू झाला की थांबत नाही. वेव्हलेट म्हणजे फोडणीतली मोहरी, जागच्या जागी तडतडून गप्प. हे पटवून देताना माझी अर्धी बरणी मोहरी जळाली.

त्यांचा खरा राग शेपटीवर. डोंगरावर आपटून आलेला प्रतिध्वनी पुढच्या तुकड्याचं तोंड बिघडवतो, म्हणून फूरियरवाले प्रत्येक तुकड्याच्या शेपटीची नक्कल त्याच्याच तोंडाआधी जोडतात. बिघडते ती नक्कल, मजकूर शाबूत. वन्संना ही जागेची उधळपट्टी वाटे, आणि बोलायच्या मात्र स्वतः तश्शाच! “गॅस बंद कर, वहिनी, मी निघतेय, गॅस बंद कर.” एकदाच सांगत जा, असं मी हजारदा सुनावलं असेल.

सपाट, मोकळ्या जागेतल्या मापनांत त्यांचं वेव्हलेट जिंकलं होतं. प्रबंध द्यायला आठवडा उरला, शेवटची मुदतवाढ चालू, आणि बाईंना इगतपुरीच्या घाटात मोजायचं राहिल्याचं आठवलं. एका वळणावरून त्या संदेश पाठवत होत्या, पलीकडच्या वळणावर मी मांडीवर यंत्र घेऊन गाडीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी प्रत्येक आकडा वहीत उतरवत होते. कड्यांवरून इतके प्रतिध्वनी आले की वेव्हलेटच्या संदेशाचा चोथा झाला. शेपटीवालं फूरियर ठणठणीत.

परतताना मी सरळ सांगितलं, हे पान प्रबंधात घालूच नका, एवढ्या वर्षांवर पाणी पडेल. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माप माझं आहे, वहिनी, हरले तरी माप माझं आहे.”

तोंडी परीक्षा मुंबईला होती. संध्याकाळी घाटातून त्यांचा फोन आला. आधी नुसती खरखर, एक अक्षर कळेना. मग शेवट तेवढा स्वच्छ आला: “...त्या पानासकट डॉक्टर झाले.” आधी जोडलेली नक्कल खरखरीत वाया गेली असणार, पण त्या दिवशी मी ‘एकदाच सांगत जा’ म्हटलं नाही.

आता त्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात असतात. घरात सगळं एकदाच बोललं जातं, आणि निम्म्या वेळा मीच विचारते, काय म्हणालात?