दक्षिणेकडे पाय

ट्रेलर मागे घेणं यात काही विशेष असतं, असं मला त्या शुक्रवारपर्यंत वाटलं नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं त्याचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोलीच, दोन दिवसांसाठी दिला, तेव्हा स्टिअरिंग कुठे फिरवलं की मागचं धूड कुठे जातं हे त्यानं कागदावर काढून दाखवलं होतं. हे मला सांगायला हवं का, अशा चेहऱ्यानं मी ते पाहिलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहत होतो. वडील गेल्यावर आई साताऱ्यात एकटीच होती. मार्चमध्ये ती आमच्याकडे आली आणि आता तिनं कायमचं इथेच राहायचं, असं मी ठरवून टाकलं. तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. "तू म्हणशील तिथे करते," असं ती म्हणायची, पण अर्ज पुढे केला की नेमका तिचा चष्मा सापडत नसे. ऑगस्ट उजाडला. तळ्याकाठी दोन दिवस काढले की हा देश तिला आवडेल आणि चष्माही सापडेल, असा माझा अंदाज होता.

तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर आमच्या शेजारी एक म्हातारं अमेरिकन जोडपं घडीच्या खुर्च्या टाकून बसलं होतं. पहिल्या खेपेला माझा ट्रेलर झाडाकडे गेला, दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे. त्यांनी खुर्च्या जरा मागे सरकवल्या आणि पाहणं चालू ठेवलं. बायको मागे उभी राहून हात हलवत होती. तिचा 'ये' आणि 'थांब' यांतला फरक लग्नाला नऊ वर्षं होऊनही मला कळला नाही.

एकदाचा ट्रेलर जागेवर बसला. मग चाकांखाली ठोकळे, खाली गेलेल्या बाजूला फळ्या, चारही कोपऱ्यांचे जॅक. जमीन सपाट दिसत होती, पण तसं दिसणं मला पुरेसं नव्हतं. दर पाच मिनिटांनी मी आत जाऊन सपाटी मोजायच्या लेव्हलमधला बुडबुडा बघायचो आणि बाहेर येऊन एखादी फळी काढायचो. नंतर विजेची केबल जोडली, पाण्याचा पाइप जोडला. सव्वा तास गेला. बुडबुडा बरोबर मध्ये आला, तेव्हा मी आईला हात धरून आत नेलं, पलंग दाखवला आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

"छान आहे रे," ती म्हणाली. पलंगाकडे थोडा वेळ पाहून तिनं विचारलं, "दक्षिण कुठे येते इथं?"

मी खिडकीतून कलत्या उन्हाकडे पाहिलं. पाय बरोबर दक्षिणेला येत होते. आमच्या घरात दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही. तसं फक्त गेलेल्या माणसाला ठेवतात. वडिलांना तसं ठेवलं होतं तेव्हा मी मिनेसोटात विमानाच्या तिकिटाच्या मागे होतो आणि पोचलो तो तिसऱ्या दिवशी. आईला या पलंगावर झोपवणं शक्यच नव्हतं.

"ट्रेलर फिरवू या," मी म्हणालो.

"अरे, पण ऐक तरी," बायकोनं सुरुवात केली.

"तू मध्ये बोलू नकोस."

रस्त्याच्या पलीकडच्या रांगेत उलट्या दिशेनं लागणारी एक जागा रिकामी होती. मी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसच्या खिडकीशी जाऊन जागा बदलून मागितली. आईचे पाय दक्षिणेला येतात, हे कारण मी खरं ते सांगितलं. तिथल्या मुलीनं सहानुभूतीनं विचारलं, "मेडिकल?" मी म्हटलं, हो.

मग सगळं उलट्या क्रमानं काढलं आणि पुन्हा सुलट्या क्रमानं लावलं. ट्रेलर तेवढ्यात दोनदा कचऱ्याच्या पिंपाला भेटून आला. शेजारच्या जोडप्यानं तोपर्यंत खुर्च्या आमच्या दिशेला वळवून घेतल्या होत्या. शर्ट पिळून काढावा इतका घाम आला होता, पण बुडबुडा मध्ये होता आणि पाय उत्तरेला. मी आत जाऊन आईला तसं जाहीर केलं.

ती गॅसवर भात लावत होती. "बरं झालं," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "उशी त्या टोकाला घेतली असती तरी चाललं असतं रे."

बायको दारात उभी होती. "मी तेच सांगत होते," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर गेली. तिचे खांदे हलत होते.

"मग तू बोलली का नाहीस?" मी आईला विचारलं.

"तू एवढ्या हौसेनं करत होतास. कशाला मोडता घालायचा?"

मी पलंगावर बसलो. मार्चपासून तिनं नावं ठेवलेली एकही गोष्ट मला आठवेना. बुटांना बरं म्हणाली, कॉर्नफ्लेक्सना बरं म्हणाली, तिच्यासाठी रंगवून घेतलेल्या तळघरातल्या खोलीला, जिथून खिडकीतून फक्त गवताची मुळं दिसतात, तिलाही बरंच म्हणाली. मी प्रत्येक वेळी खूश होऊन पुढची फळी सरकवत गेलो.

"आई, तुला इथं राहायचंय का? खरं सांग."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, आच कमी केली. "नाही रे," ती म्हणाली. "घरी माझं मला सगळं सापडतं."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारणार होतो, पण त्याचं उत्तर मला आत्ताच मिळालं होतं.

"बर्फ पडायच्या आत तिकीट काढतो," मी म्हणालो.

"काढ," आई म्हणाली आणि ब्लाउजमध्ये अडकवलेला चष्मा काढून भात शिजलाय का ते बघू लागली.