बाकी सगळं नॉर्मल

मी कंडक्टर होतो तेव्हा यवतमाळच्या स्टँडवर "वर्धा, वर्धा" असं ओरडलो की तिकडे वर्ध्यातले लोक पिशव्या भरायला घ्यायचे. एकदा पुसदच्या घाटात बसचा हॉर्न बिघडला. ड्रायव्हरनं मला खिडकीतून डोकं काढून ओरडायला लावलं, तर समोरून येणारा ट्रक घाबरून आपला आपण रिव्हर्समध्ये गेला. पटत नसेल तर राहू द्या, माझ्या बायकोलाही कधी पटलं नाही. पण ती हसायची. ती हसते म्हणून मी तो ट्रक दरवर्षी थोडा आणखी मागं नेत राहिलो. गेल्या वर्षी तो दिग्रसपर्यंत पोचला होता.

मग तिला खोकला लागला. कपाशीचा हंगाम संपला तरी खोकला संपला नाही. बाभुळगावच्या डॉक्टरांनी आधी बाटल्या दिल्या, मग एक्स-रे काढला आणि तो बराच वेळ उजेडात धरून म्हणाले, "यवतमाळला छातीचा सीटी स्कॅन करून घ्या."

मशीनच्या नावानंच ती धास्तावली. मी म्हटलं, "काई नाई वं, भलामोठा मेदूवडा असते. त्याच्या भोकातून तुले आत ढकलतात. बाहेर येते तवा बाई दहा वर्सं तरनी झालेली असते."

"मंग तुमीच जा ना जी आधी. तुमालेच गरज हाय."

पण तिची खरी भीती वेगळ्याच गोष्टीची होती. आमची एकुलती एक मुलगी मुकुटबनला दिलेली, तिला सातवा महिना लागलेला. बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. "पोरीचं बाळंतपण माह्या हातानं झालं पाह्यजे," एवढा एकच धोशा बायकोनं लावला होता. खोकल्याचं जे काय असेल ते लवकर आटोपावं, म्हणून ती मशीनमध्ये शिरली.

दुपारून रिपोर्ट मिळाला. छातीचे डॉक्टर थेट सोमवारी बसणार होते. बायको नळावर तोंड धुवायला गेली तेवढ्यात मी पाकीट उघडलं. काळ्या फिल्मवर छातीचे काप मांडले होते, कोबी चिरून ठेवल्यासारखे. त्यातलं काही कळलं नाही. कागद इंग्रजीत होता, तो अडखळत वाचला. वरच्या ओळी बऱ्या होत्या. खाली 'इम्प्रेशन' म्हणून ठळक अक्षरात लिहिलं होतं : उजव्या फुफ्फुसात वरच्या भागात काटेरी कडांची गाठ, आजूबाजूच्या ग्रंथी सुजलेल्या, यकृतावर डाग. पुढं एक लांबलचक शब्द होता. तो मी मोबाइलमध्ये टाकला. मोबाइलनं अर्थ लगेच सांगितला. जरा थांबून, खाकरून सांगावं, एवढीही माणुसकी त्याच्यात नाही.

"काय लिवलं जी?" पदरानं तोंड पुसत ती आली.

"चाल, गाडी सुटते. गाडीत सांगतो."

गाडीत मी उभा राहिलो. आयुष्यभर ज्या जागेवर उभं राहून तिकिटं फाडली त्याच जागेवर, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातात रिपोर्ट. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा वाचायला लागलो. "हृदय नॉर्मल! श्वासनळी मोकळी, नॉर्मल! छातीत पाणी नाई! बरगड्या नॉर्मल, मणके नॉर्मल!" प्रत्येक नॉर्मलला मागच्या सीटवरची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

एक म्हातारा म्हणाला, "वयनीचं त झकास निंगालं. आता तुमी बी एक फोटो काढून घ्या, डोक्स्याचा!"

गाडी हसली. बायकोही हसली असेल म्हणून पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

बाभुळगावच्या स्टँडवर उतरलो. ती सिमेंटच्या बाकावर बसली, उठेचना. म्हणाली, "दिल सांगितलं, नळी सांगितली, हाडं सांगितली. फोटो त फुफ्फुसाचा काढला ना? त्याचं काहून नाई सांगितलं?"

"ते सोमवारी डॉक्टर सांगतीन."

"तुमाले वाचता येते ना?"

"येते."

"मंग वाचा. गाडीतल्या लोकाइले नोको, मले सांगा."

मी वाचलं. माझा आवाज बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंतही पोचेना. तिला कान जवळ आणावा लागला.

"काटेरी म्हंजे? सराट्यावानी?"

"हो."

"हूं," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातातून घेऊन घडीवर घडी घालत बसली.

सोमवारी डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. ही गाठ. हिची कड गुळगुळीत नाही, आजूबाजूला धागे गेलेत. फोटोवरून पक्कं नाव देता येत नाही, नागपूरला सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. पण यकृतावर डाग आहेत, म्हणजे ऑपरेशन करून काढायची वेळ गेली, असंच दिसतं. औषधं देऊन बघू.

मी म्हटलं, "मॅडम, मशीन चुकते कधी कधी. आमच्या तिकिटाच्या मशीननं एकदा बोकडाले ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट देल्लं होतं."

मॅडम हसल्या नाहीत. हे मला समजण्यासारखं होतं. पण बायकोही हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं विचारलं, "लेकीचं बाळंतपण हाय. तवरक मी उभी राहीन का?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मुलीला लवकर भेटून घ्या," म्हणाल्या.

बाहेर जिन्यात बायकोनं माझा हात धरला. चारचौघांत तिनं कधी माझा हात धरला नव्हता. "तिले सांगाचं नाई. सातवा हाय. घाबरली-बिबरली त काय कराचं? तिले मोकळी होऊ द्या."

"आन तवरक?"

"तवरक बोला काईबी. तुमाले काय कमी हाय?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. स्पीकर लावला. बायको समोर खाटेवर, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली.

"बाबा, काय निंगालं आईच्या रिपोर्टात?"

"काय निंगालं? अवं माय, छातीत कपाशीचं अख्खं बोंड निंगालं! डॉक्टर म्हनते, असं लांब धाग्याचं बोंड जिल्ह्यात नाई. जिनिंगवाले दारात बसून भाव करून राह्यले, तुही आई म्हनते सरकी माही."

मुलगी खळखळून हसली. आणि समोर, कितीतरी दिवसांनी, बायकोही हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे हलत होते, डोळे माझ्यावर होते. मी आवाज चढवला. बोंडाचा गठ्ठा केला, गठ्ठ्याचा ट्रक केला, शेजारचे दारात येऊन उभे राहिले.

"बाबा, इतक्या जोरानं काहून बोलून राह्यले? मी काय बहिरी हाय?"

"रेंज नाई वं," मी म्हटलं, आणि आणखी जोरानं बोलायला लागलो.